बप्पांची उधारी

माझ्याकडून पैसे येणं असलेली माणसं फार नाहीत. ताई आहे, पण ती मागणार नाही. एक मित्र आहे, तो दर दिवाळीला आठवण करून देतो. या दोघांचं कधी ना कधी मिटेल. तिसरं खातं बप्पांचं, आणि त्यात नेमकं काय मांडायचं हेच मला उमगत नाही.

बीडमध्ये वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणायची रीत आहे. एका गल्लीत तीन-चार बप्पा निघाले की ओळखीसाठी पुढं काहीतरी लावायचं. आमचे हे ‘नेव्हीवाले बप्पा’. राजुरी वेशीकडं त्यांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं छोटं दुकान होतं. नवी बॅटरी घेणाऱ्याला तिच्यातलं पाणी कसं तपासायचं, कुठपर्यंत भरायचं, नळाचं का चालत नाही, हे सगळं समजावल्याशिवाय ते बॅटरी दुकानाबाहेर जाऊ देत नसत. गिऱ्हाइकाला घाई असायची. त्यामुळं दुकान असं कधी चाललंच नाही.

दुकानाआधीची त्यांची उमेदीची वर्षं नौदलात गेली, विमानांच्या इलेक्ट्रिकल शाखेत. ज्या गावच्या माणसाला समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसून मुंबई गाठावी लागायची आणि जिथं रेल्वे आली तीच मुळी २०२५च्या सप्टेंबरात, त्या गावचा एक पोरगा विमानवाहू जहाजावर पोचला होता. जहाज म्हणजे ‘विराट’. इंग्रजांचं ‘हर्मीस’ विकत घेऊन आपल्या नौदलानं १९८७ साली ते ‘विराट’ म्हणून दाखल करून घेतलं. त्यावरची लढाऊ विमानं म्हणजे सी हॅरियर. पहिली हॅरियरं गोव्यात दाबोळीला, ‘आयएनएस हंसा’ या तळावर, १९८३च्या डिसेंबरात उतरली होती. बप्पा त्यानंतर काही वर्षांनी तिथं रुजू झाले. या विमानात बसून ते एकदाही उडाले नाहीत. एकाच माणसाच्या जागेचं विमान ते. त्यात बसणारा वेगळा आणि त्याला बसण्याजोगं करून ठेवणारे वेगळे.

मला बसणारा व्हायचं होतं. एन.डी.ए.ची लेखी निघाली, मुलाखत निघाली आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं. बाकीच्या पोरांना ज्या पानावर आकडा दिसत होता तिथं मला नुसते ठिपके. लाल आणि हिरवा हे रंग माझे डोळे नीट वेगळे करत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. यावर जास्त लिहीत नाही. डी.एड. केलं, गेवराई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. दिवाळीनंतर वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची, आणि संध्याकाळी बीडला परत आलो की हातात वेळ असायचा.

ताईनं पुण्यात कुणाचा तरी वापरलेला दणकट कॉम्प्युटर विकत घेऊन ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवला. जॉयस्टिक आणि थ्रॉटल मित्राच्या पैशांतून आले. २०१८ साली ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये अमेरिकन नौदलाचं एफ/ए-१८सी हॉर्नेट आलं होतं, ते मी घेतलं. ज्यांनी असलं काही पाहिलं नाही त्यांना वाटतं की बटण दाबलं, गोळी सुटली. इथं तसं नाही. विमान तुम्हाला थंड आणि अंधारात मिळतं. कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक स्विच हलतो आणि हलला की काहीतरी घडतं. समोर तीन पडदे, प्रत्येकाच्या चारी कडांना मिळून वीस बटणं, त्या बटणांचा अर्थ पानागणिक बदलतो. मी इंग्रजी मॅन्युअलमधली इंजिन चालू करायची क्रमवार यादी वहीत उतरवून काढली होती आणि ती बघत एकेक स्विच दाबत होतो.

बप्पा एकदा आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी तपासायला घरी आले. पाणी भरून झालं, हात पुसत ते माझ्या मागं येऊन उभे राहिले.

“काय करायलास रं?”

“विमान चालू करायलोय, बप्पा.”

“कर की मग. पहिलं काय?”

“बॅटरी.”

हे त्यांना आवडलं. स्टूल ओढून बसले. बॅटरीनंतर आगीच्या इशाऱ्याची चाचणी, त्यात विमान स्वतःच बाईच्या आवाजात डावं इंजिन, उजवं इंजिन असं बोलून दाखवतं. मग एपीयू नावाचं छोटं इंजिन, त्याचा दिवा लागला की त्याच्या हवेवर मोठं इंजिन फिरवायचं. मी उजवं इंजिन फिरवायला घेतलं.

“उजवं आधी का?”

“असंच लिहिलंय.”

“लिहिलंय ते मला दिसतंय. का लिहिलंय?”

मी गप्प. ते उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, “कळलं की बोलव.” दोन रात्री मी मॅन्युअल चाळलं. उजव्या इंजिनाच्या पंपावरच्या हायड्रॉलिकवर चाकांचे नेहमीचे ब्रेक चालतात. ते आधी चालू झालं की ब्रेकला दाब मिळतो, जहाजाच्या डोलत्या डेकवर विमान धरून ठेवता येतं. मी दुकानात जाऊन सांगितलं. बप्पांनी दुकान तासभर आधी बंद केलं आणि माझ्याबरोबर घरी आले. शिकवणी सुरू झाली ती अशी. फी काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यांची पद्धत एकच. आधी स्विचवर बोट ठेवायचं, मग त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, मग तो हलवायचा, आणि हलवल्यावर तो खरंच हलला का ते दुसरीकडच्या काट्यावर बघायचं. माऊसच्या बाणानंसुद्धा असंच. मी वैतागायचो. मला ढगात जायचं असायचं आणि बप्पा मला पार्किंगमध्ये अडवून ठेवायचे. पण त्यामुळं झालं असं की सहा महिन्यांत त्या कॉकपिटमध्ये माझा हात आपोआप योग्य जागी जायला लागला.

रडारही त्यांनीच शिकवलं, म्हणजे हॉर्नेटचं त्यांना माहीत नव्हतं, पण रडार म्हणून जे असतं ते माहीत होतं. मला वाटायचं की रडार चालू केलं की समोरचं सगळं दिसतं. शत्रूचं विमान डोळ्यांना दिसायचं आणि पडद्यावर काहीच नाही. बप्पा म्हणाले, “रात्री विहिरीत बॅटरी मारतोस तेव्हा सगळी विहीर दिसते का? झोत जिकडं, तिकडचं दिसतं.” हॉर्नेटच्या रडार-पडद्यावर तुम्ही दर्शक नेऊन ठेवला की त्या अंतरावर झोत किती हजार फुटांपासून किती हजार फुटांपर्यंत पसरलाय याचे दोन आकडे त्याच्या वर-खाली उमटतात. शत्रू वीस हजार फुटांवर आणि माझा झोत तीस हजारांवर, तर दिसणार कुठून? तेव्हापासून मी थ्रॉटलवरचं चाक फिरवून झोत वर-खाली करायला शिकलो. पुढची गोष्ट अजून चमत्कारिक. असलं रडार परत येणाऱ्या लहरीतल्या बदलावरून वेग ओळखतं आणि जमिनीच्या वेगानं सरकणारं सगळं जमीन समजून गाळून टाकतं. समोरचा वैमानिक जर माझ्या रेषेला काटकोनात वळला, तर माझ्याकडं येण्याचा किंवा दूर जाण्याचा त्याचा वेग उरत नाही, आणि रडारच्या लेखी तो जमिनीत मिसळतो. उडतं विमान पडद्यावरून गायब होतं. बप्पांना हे सांगताना मी फार रंगून गेलो होतो. ते म्हणाले, “हां. म्हणून डोळे पण उघडे ठेव.”

आणि मग तारांचा विषय निघाला.

जहाजावर उतरताना डेकच्या कडेला भिंगाच्या दिव्यांचा एक खांब असतो. मधोमध आडवी हिरव्या दिव्यांची ओळ, आणि उभ्या खांबात एक उजेडाचा गोळा, ज्याला वैमानिक ‘बॉल’ म्हणतात. बॉल ओळीच्या वर दिसला तर तुम्ही उंच आहात, खाली दिसला तर खाली, आणि फारच खाली गेलात तर तो पिवळट न राहता लाल होतो. म्हणजे आता जीव वाचवा. माझा प्रश्न उघड होता. मला पिवळट आणि लाल यातला फरक कळत नव्हता. तीन-चार वेळा मी जहाजाच्या मागच्या कडेवर विमान आपटलं आणि हे आपल्याला जमणारच नाही, असं बप्पांना सांगून टाकलं. ठिपक्यांच्या पुस्तकाची गोष्ट त्यांना तेव्हाच पहिल्यांदा सांगितली.

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “विमानातल्या तारा कुठल्या रंगाच्या असतात?”

मला वाटलं, घरातल्यासारख्या, लाल, काळ्या, हिरव्या.

“पांढऱ्या. बहुतेक सगळ्या पांढऱ्या. एकेका विमानात किलोमीटर-किलोमीटर तार, आणि सगळी एकसारखी. प्रत्येकीवर बारीक नंबर छापलेला असतो. विराटच्या हँगरात रात्री अंधुक उजेडात आम्ही तो वाचत बसायचो. रंगावर भरवसा ठेवला असता तर एक विमान उडलं नसतं. तुला रंग कशाला पाहिजे? तो गोळा कुठंय ते बघ. ओळीच्या वर का खाली, एवढंच सांग.”

एवढंच सांगत गेलो. ‘वर’, ‘मधे’, ‘खाली’, ‘मधे’. बप्पा स्टुलावर बसून ऐकायचे, मी मोठ्यानं म्हणत उतरायचो. जहाजाच्या उजव्या अंगानं आठशे फुटांवरून साडेतीनशे नॉटनं पुढं जायचं, नाक ओलांडलं की डावीकडं करकचून वळायचं, वेग अडीचशेच्या खाली आला की चाकं काढायची, फ्लॅप पूर्ण, उलट दिशेनं सहाशे फुटांवर यायचं, आणि विमानाचा हवेशी कोन आठ पूर्णांक एक अंशावर आणून तिथंच ठेवायचा. इथून पुढं सगळं उलटं. काठीनं कोन राखायचा आणि थ्रॉटलनं उंची. शेवटच्या वळणानंतर हातात पंधरा-अठरा सेकंद असतात, आणि डावा हात तेवढा वेळ एक क्षण स्थिर नसतो. चाकं डेकला लागली की लगेच पूर्ण ताकद द्यायची, कारण विमानाच्या शेपटीखालच्या आकड्यानं डेकवरची आडवी तार पकडली नाही तर पुढं समुद्र आहे आणि परत उडायचंय.

बप्पांच्या हॅरियरला हे काही लागत नव्हतं. “आमचं विमान आधी थांबायचं, मग उतरायचं,” हे हॅरियरवाल्यांचं ठेवणीतलं वाक्य ते कायम ऐकवायचे. पण जुन्या ‘विक्रांत’वर अलिझे विमानं तारा पकडून उतरत, आणि त्या पिढीच्या चीफ लोकांकडून बप्पांनी खूप ऐकलं होतं. अमेरिकन वैमानिक शेवटच्या पाऊण मैलावर रेडिओवर आपल्या विमानाचा प्रकार आणि उरलेलं इंधन सांगतो. मी ते नुसतं पाठ म्हणत होतो. बप्पांनी उलगडून सांगितलं की डेकखालच्या खोलीत तारेचं यंत्र असतं, आणि येणारं विमान किती वजनाचं आहे त्यानुसार तिथला माणूस ते लावून ठेवतो. यंत्र हलक्या विमानासाठी लावलेलं आणि आलं जड, तर तार पुरणार नाही. “तू बोलतोस ते त्याच्यासाठी. त्याला तू दिसत नाहीस, तुला तो दिसत नाही.”

११ जानेवारी २०२०ला आपलं नौदलासाठीचं तेजस विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजावर तार पकडून पहिल्यांदा उतरलं. चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर. मराठी आडनाव ऐकून मी दुकानात धावत गेलो, मोबाइलवर तो व्हिडिओ बप्पांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. माझी नजर विमानावर, त्यांची विमान थांबल्यावर कडेनं पळत येणाऱ्या माणसांवर. “तार सोडवायला किती वेळ लागला बघ,” म्हणाले. मी ते पाहिलंच नव्हतं.

माणसांवरून आमचं जुनं भांडण होतं. सिम्युलेटरमध्ये जमिनीवरच्या पथकाला मेन्यूतून हुकूम द्यायचा असतो. वीज जोडा, चाकांचे ठोकळे काढा, इंधन भरा, क्षेपणास्त्रं लावा. आवाज येतो, काम होतं, माणूस दिसत नाही. बप्पा पहिल्यांदा हे बघून चक्क रागावले. “माणसं कुठंयत?” मी म्हणालो, गेम आहे बप्पा. “मग विमान तरी कशाला दाखवायचं?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. खरं तर या सिम्युलेटरचं सगळ्यात मोठं खोटं तेच आहे असं मला आता वाटतं. हवेचं गणित, रडारच्या लहरी, इंधनाचा थेंब न् थेंब त्यांनी नेटका मांडलाय, पण विमान दर वेळी धडधाकट मिळतं आणि ते कुणी धडधाकट केलं याचा पत्ता नाही. खऱ्या विमानाच्या देखभालीच्या वहीत प्रत्येक कामापुढं कुणाची तरी सही असते. वैमानिक ती वाचतो, शेवटी आपली सही करतो, आणि मगच शिडी चढतो.

मे २०२०मध्ये, टाळेबंदीत, या सिम्युलेटरला विमानवाहू जहाजाचा नवा भाग आला आणि त्यात डेकवर माणसं आली. शाळा बंद, दुकान बंद. बप्पा गल्लीतलेच, तोंडाला रुमाल बांधून लांब स्टुलावर बसायचे. अमेरिकन डेकवर कामानुसार अंगातल्या जर्सीचे रंग ठरलेले असतात. विमानांना वाट दाखवणारे पिवळे, इंधनवाले जांभळे, शस्त्रांचे लाल, विमान भिरकावणाऱ्या कॅटपल्टचे आणि तारांचे हिरवे, विमानाची देखभाल बघणारे तपकिरी. माझ्यासाठी लाल, हिरवे, तपकिरी सगळे एकाच कुळातले. बप्पांनी मला त्यांची ओळख जागेवरून करून दिली. पंखाखाली वाकलाय तो शस्त्रांचा. चाकाजवळ गुडघा टेकलाय तो कॅटपल्टला जोडणारा दांडा बघतोय. साखळी खांद्यावर घेऊन चाललाय तो विमानाचा मालक, “वैमानिक नाही, हा मालक.” नुसत्या आकृत्या होत्या त्या, पण बप्पा एकेकाकडं बोट दाखवून सांगत होते आणि मध्येच आपल्या काळच्या कुणाकुणाची नावं घेत होते.

कॅटपल्टवर विमान जोडलं, पूर्ण ताकद दिली, काठी चारी बाजूंना फिरवून दाखवली, की सॅल्यूट करायचा असतो. कीबोर्डवर त्याची कळ आहे. ती दाबल्याशिवाय विमान सुटत नाही. मी दाबणार तेवढ्यात बप्पा म्हणाले, “कुणाला करतोस?”

“उडवणाऱ्या अधिकाऱ्याला.”

“बरोबर. पण तो खाली वाकून डेकला हात लावण्याआधी कुठं बघतो? मागं पुढं सगळ्यांकडं बघतो. सगळ्यांचा अंगठा वर असेल तरच. म्हणजे तुझा सॅल्यूट कुठपर्यंत जातो?”

मी कळ दाबली. विमान दोन सेकंदांत समुद्रावर. तिथून पुढं काय झालं ते मला आठवत नाही.

एक राहिलंच. त्याआधीच्या वर्षी, २०१९च्या दुष्काळात, नळाला पाणी नव्हतं आणि गल्लीत टँकर यायचा. रांगेत बप्पांनी मला हॅरियरच्या पाण्याची गोष्ट सांगितली. जागेवर उतरताना पंख काही कामाचे नसतात, सगळं वजन इंजिनाच्या जोरावर. उन्हाळ्यात हवा विरळ, जोर कमी. मग इंजिनात शुद्ध पाण्याचा फवारा सोडायचा, त्यानं इंजिन जास्त तापू न देता जोर वाढवता येतो. टाकीत सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी, आणि ते जेमतेम दीड मिनिट पुरायचं. आमच्यापुढची बाई हे ऐकून म्हणाली, “विमानाला पण टँकर लागतो म्हनं!” त्याच उन्हाळ्यात आमची बॅटरी बसली. बप्पांनी दुकानातली नवी आणून लावली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवला आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. “वीज गेली की तू मधेच समुद्रात पडतोस. मला ते बघवत नाही.”

सी हॅरियर मे २०१६मध्ये नौदलातून निवृत्त झाली, विराट पुढच्या वर्षी. दुकानही आता नाही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बप्पांना गोव्याला नेलं; निदान नेलं असं मला वाटलं. सोलापूर, कोल्हापूर करत दाबोळीजवळच्या बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात पोचलो. उघड्यावर सी हॅरियर उभं आहे. बप्पा त्याच्यासमोर भावुक वगैरे काही झाले नाहीत. नाकापासून सुरू करून त्यांनी क्रमानं फेरी घेतली. हवेची तोंडं, पुढचे दोन नळ, चाकांची खोबण, मागचे दोन नळ, शेपूट. प्रत्येक झाकणाशी थांबून त्यामागं काय असतं ते मला सांगत होते. एका झाकणावर बोट ठेवलं आणि सवयीनं त्याच्यावरचं लिहिलेलं वाचायला वाकले, तोच रखवालदार आला.

“अंकल, हाथ मत लगाना.”

बप्पा सरळ झाले. “बराबर है,” म्हणाले. “पंद्रह साल मैं भी यही बोलता था. पायलट लोगों को.”

रखवालदाराला आधी कळलं नाही, मग कळलं. त्यानं सावलीत खुर्ची आणून दिली आणि पुढचा तासभर स्वतःच प्रश्न विचारत राहिला. पाण्याची टाकी कुठं, बॅटरी कुठं, खारी हवा तारांना काय करते. मी बाजूला उभा होतो. मला यातलं बरंचसं माहीत होतं आणि तरी ऐकत होतो.

येतानाच्या प्रवासाचे पैसे द्यायला मी पाकीट काढलं तर त्यांनी दोघांची परतीची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. “तू पुढच्या बारीला काढ,” म्हणाले. पुढची बारी कारवारला, असं आता घाटतंय. विक्रमादित्य तिथं असतं. आत सोडतील याची खात्री आम्हा दोघांनाही नाही, पण बप्पांनी आपलं जुनं ओळखपत्र शोधायला काढलंय.